पुण्यस्मरणाच्या पानावरचे हललेले चेहरे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात पुण्यस्मरणाच्या जाहिराती येतात ते पान मी रोज बघते आणि नाव वाचायच्या आधी फोटो बघते, सवयच आहे ती, कारण सांगलीत गेली २२ वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याआधी तो आमचे अण्णा चालवायचे. परवा पितृपक्षात एका दिवशी त्या पानावर नऊ फोटो होते, त्यातले पाच हललेले नाहीतर आउट गेलेले, म्हणजे फोकस चुकून धूसर झालेले. एका आज्जींच्या चेहऱ्यात डोळे कुठे संपतात आणि भुवया कुठे सुरू होतात तेच कळत नव्हतं. छपाईचा दोष नाहीये यात, शेजारचे चार फोटो स्वच्छ आलेत म्हणजे मशीन बरोबर आहे, तुमच्याकडे आलेला फोटोच तसा होता. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा ही विनंती.

पितृपक्ष जवळ आला की माझ्याकडे फ्रेम करून घेणाऱ्यांची गर्दी असते. काउंटरवर मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, एवढा जरा क्लिअर करा आणि बारा बाय अठरा करून द्या." बघितलं तर कुणाच्या तरी लग्नात पंगतीच्या मागे उभे असलेले आजोबा, चेहरा नखाएवढा, तोही हललेला. घरात चार-चार फोन असतात, रोज ढीगभर फोटो निघतात, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा समोर बसवून काढलेला एक धड फोटो नसतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

या वेळी एक बाई आल्या हरिपूरहून. सासूबाई गेल्या त्याला वर्ष होतंय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांचं घर पाण्यात होतं, अल्बम खालीच ट्रंकेत राहिले, पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर पानं एकमेकाला चिकटून नुसती वीट झालेली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यात फुगतो आणि वाळताना समोरच्या पानाला धरून बसतो, मग ओढलं की चेहराच निघून येतो. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात हळूहळू सुटे केले आणि सावलीत वाळवले तर काही वाचतात, पण त्या दिवसांत कुणाला अल्बम सुचणार, माणसं आणि जनावरं बाहेर काढायची पळापळ चाललेली. तर उरला काय, नातवाने नवीन कॅमेरा घेतल्यावर काढलेला एकच फोटो. सासूबाई सोप्यात बसल्यात, डोक्यावर पदर, हसतायत, फार गोड आहे हो फोटो. आणि मी तो कॉम्प्युटरवर मोठा केला तर पदराच्या काठाची जर एकेक तार मोजावी इतकी साफ आणि चेहरा धुरकट. मी त्यांना खरं ते सांगितलं की यातून डोळे मला आणता येणार नाहीत. त्या बोलल्या नाहीत काही, फोन पिशवीत ठेवला, परत काढला आणि म्हणाल्या आहे तसा करा. मी पोस्टकार्ड साइज करून दिला, लहान केला की धुरकटपणा कमी जाणवतो म्हणून.

त्या पोराची चूक काय झाली ते सांगते कारण हल्ली नवीन कॅमेरा घेणारा प्रत्येकजण तीच करतो. त्याच्याकडे पन्नास एमएमची लेन्स, एफ १.८ वाली (एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं), स्वस्त आणि चांगली लेन्स आहे ती, मागचं सगळं छान विरघळवते आणि त्यासाठीच पोरं घेतात. पण मागचं विरघळतं तसं पुढचंही विरघळतं. त्याच्यासारख्या छोट्या सेन्सरच्या, म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग लहान असलेल्या कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून एफ १.८ ला फोटो काढला तर साफ दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दोन बोटं. डोक्यावरच्या पदराचा काठ डोळ्यांपेक्षा त्याहून जास्त मागे असतो. आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस सहसा जिथे गडद-फिकट जास्त आहे, जिथे रेघ ठळक आहे तिकडे धावतो, त्याला आज्जी कोण आणि काठ कोण हे काय माहीत. जरीचा काठ, चष्म्याची फ्रेम, फेट्याची घडी, मोठं मंगळसूत्र, या सगळ्या गोष्टी डोळ्यांवरचा फोकस चोरतात. म्हणून फोकसचा पॉइंट, म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना दिसणारा तो छोटा चौकोन, एकच ठेवायचा, तो कॅमेऱ्याला निवडू द्यायचा नाही, आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा. नवीन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असतो, तो चालू ठेवा, फार उपयोगी आहे, पण चष्मा असेल तर तरीही मोठं करून तपासा कारण फ्रेमवर अडकलेला मी बघितलाय. आणि एफ १.८ चा मोह सोडून एफ ४ ला या, पट्टा दुपटीहून जास्त होतो. मागची भिंत थोडी दिसली तर दिसू दे, तिच्याच घराची भिंत आहे ती.

अजून एक खोड. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची. आम्ही सगळे असंच शिकलो आणि एफ ८ ला ते चालतंही, पण दोन बोटांच्या पट्ट्यात तेवढ्या वळवण्याने आणि तुमचं अंग चार सेंटिमीटर पुढे-मागे झाल्याने डोळा बाहेर जातो. पॉइंटच उचलून डोळ्यावर न्या.

हे झालं फोकसचं. पण माझ्याकडे येणारे जास्त फोटो फोकसने नाही, हलल्याने गेलेले असतात, आणि त्यात दोन प्रकार आहेत जे लोक एकच समजतात. फोटो मोठा करून बघा. माणूस, मागची भिंत, कॅलेंडर सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. कॅलेंडरवरची तारीख वाचता येतेय आणि फक्त चेहरा किंवा हात पुसल्यासारखा आहे तर माणूस हललाय. कान साफ आणि डोळा मऊ असेल तर फोकस चुकलाय. आणि सगळंच दुधट, दिव्याभोवती तेजाचा पिसारा असं असेल तर लेन्सवर बोटाचं तेल आहे, ते तर निव्वळ पुसायचं राहिलेलं असतं, मोबाइल दिवसभर हातात आणि खिशात असतो, भाकरी खाता खाता पण असतो. मऊ सुती कापडाने लेन्स पुसली की झालं, पण रोज दोन-तीन जणांचा तरी फोन मीच पुसून देते.

कॅमेरा हलणं थांबवायला जुना हिशोब आहे. शटर स्पीड म्हणजे फोटो टिपताना शटर किती वेळ उघडं राहतं ते, आणि जेवढ्या एमएमची लेन्स तेवढा तरी तो स्पीड पाहिजे, म्हणजे ५० ला १/५० सेकंद, २०० ला १/२००. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला दीडपट धरा, ५० ला १/८०. पण हा हिशोब फक्त तुमच्या हाताचा आहे, समोरच्या माणसाचा नाही, आणि इथेच गंमत होते. लेन्समधलं किंवा फोनमधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, त्या जोरावर लोक १/१५ ला पण काढतात, भिंत एकदम साफ येते आणि आजोबांची मान हललेली. म्हाताऱ्या माणसाची मान थोडी हलतच असते, काहींचे हात थरथरतात. साधा हिशोब बघा, मान सेकंदाला दहा सेंटिमीटर इतकी सावकाश हलली तरी १/३० सेकंदात तीन मिलिमीटरहून जास्त सरकते, म्हणजे बुबुळातली मधली काळी बाहुली असते साधारण तेवढी, मग डोळ्यात काय उरणार. तेच १/२५० ला अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. म्हणून बसलेल्या मोठ्या माणसाला मी १/१२५ च्या खाली जात नाही, म्हातारं माणूस असेल तर १/२५०, लहान पोर असेल तर १/५००, आणि अंगणात पळणारं असेल तर १/१००० सुद्धा.

मग लोक म्हणतात अहो ताई एवढा स्पीड ठेवला की फोटो काळा येतो. येणारच, शटर कमी वेळ उघडं राहतं. मग आयएसओ वाढवा, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ येतो. आयएसओ वाढवला की दाणे येतात म्हणून पोरं घाबरतात, १०० च्या वर जायलाच तयार नाहीत, आणि शंभरला चिकटून १/२० ला काढलेला फोटो घेऊन माझ्याकडे येतात. मी कळकळीने सांगते, १६०० करा, ३२०० करा. दाणेदार फोटोत डोळे असतात. दाणे कमी करता येतात, छापल्यावर तर अर्धे दिसत पण नाहीत, पण हललेल्या फोटोतला डोळा कुठेच नोंदलेला नसतो. बऱ्याच कॅमेऱ्यात ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी स्पीड ठरवून देता येतो, तिथे एकदा १/२०० भरून ठेवला की डोक्याचा ताप कमी. नुसत्या ऑटोवर कॅमेरा गुपचूप स्पीड खाली आणतो आणि तुम्हाला सांगत नाही. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलावर संध्याकाळी पोरं-पोरी फोटो काढत असतात, पहिले दहा फोटो छान येतात, मग सूर्य खाली गेला तसा स्पीड उतरत जातो आणि शेवटचे सगळे हललेले, आणि नेमकं आभाळ तेव्हाच सुंदर झालेलं असतं.

आमचे अण्णा याशिका मॅटवर काढायचे, वरून खाली बघायचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, १०० आयएसओचा रोल, दोन मोठे दिवे आणि उजेड मऊ करायची एक छत्री. एवढ्याशा उजेडात त्यांना १/३० किंवा त्याहून सावकाश काढावं लागायचं आणि तरी त्यांचे फोटो आज मोठे केले तरी पापणी दिसते. कारण स्टँडशिवाय त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही, आणि माणूस बसवायला ते दहा मिनिटं घ्यायचे. खुर्ची हाताची असायची, कोपर टेकवायला लावायचे म्हणजे खांदे स्थिर होतात, पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर. बोलत राहायचे, शेताचं, पावसाचं, हळदीच्या भावाचं, आणि श्वास सोडल्यावर तो एक क्षण असतो ना माणूस थांबल्यासारखा, तेव्हा दाबायचे. १८३९ च्या सुमाराला फोटोग्राफी आली तेव्हा तर माणसाला बराच वेळ निश्चल बसावं लागायचं, मानेमागे लोखंडी आधार लावायचे म्हणे स्टुडिओत, तो फोटोत दिसायचा नाही. आपल्या वाड्यांतले पणजोबांचे फोटो ताठ आणि गंभीर असतात त्यात फोटो सावकाश टिपणाऱ्या त्या जुन्या काचेच्या प्लेटांचा बराच भाग आहे. आता तेवढं करायची गरज नाही पण हाताची खुर्ची अजून पण तेवढीच कामाची आहे.

आता मोबाइलचं, कारण शंभरातले नव्वद तोच वापरणार.

मोबाइलवाल्याला स्पीड सहसा हातात नसतो, म्हणून त्याने उजेड शोधायचा. ट्यूबलाइटखाली नको, संध्याकाळी नको. सकाळी नऊ-दहाला सोप्याच्या दारापाशी, उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर खुर्ची ठेवा, तोंड दाराकडे, ऊन अंगावर न येता नुसता उजेड चेहऱ्यावर यायला पाहिजे. काढणाऱ्याने दाराच्या बाजूला चौकटीला खांदा टेकून उभं राहायचं, समोर उजेड अडवून नाही. खुर्ची तीन पावलं आत सरकवून बघा, डोळ्याला फरक कळत नाही कारण आपला डोळा सावरून घेतो, पण माझ्या दुकानात मी मोजलंय, दारात १/२५० मिळतो तिथे आत १/३० वर येतो. एवढं एकच केलं तरी निम्मे हललेले फोटो थांबतील असं माझं मत आहे.

चेहऱ्यावर बोट टेकवा म्हणजे फोन तिथे फोकस करेल, दाबून धरलं तर बऱ्याच फोनमध्ये तो तिथेच लॉक होतो. झूम करू नका, बोटांनी ताणलेला झूम म्हणजे बऱ्याचदा नुसता कापून मोठा केलेला फोटो, आणि अंधारात तर फोन झूमची लेन्स सोडून साध्या लेन्सचाच कापून देतो, त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. पण अगदी नाकाशी पण जाऊ नका, चार-पाच फूट बरं. रात्रीचा मोड माणसावर वापरू नका, त्यात फोन एकामागून एक बरेच फोटो घेऊन एकत्र करतो, देवळाला चालतं, आज्जीला नाही, ती तेवढ्यात श्वास घेते, पापणी मिटते. आणि पोर्ट्रेट मोड, ज्यात मागचं धूसर होतं, ते धूसर बऱ्याचदा फोनने हिशोब करून रंगवलेलं असतं, आणि तो हिशोब पांढऱ्या केसांपाशी, कानापाशी, चष्म्याच्या काडीपाशी चुकतो, अर्धा कान मागच्या भिंतीत गेलेले किती फोटो माझ्याकडे आहेत. एक साधा पण काढून ठेवा. बटण दाबताना फोन हलतो म्हणून तीन सेकंदाचा टायमर लावा नाहीतर तीन-चार सलग काढा, पहिल्यात बोटाचा झटका असतो, मधला बहुतेक चांगला निघतो. आणि लगेच तिथेच डोळा मोठा करून बघा, कारण छोट्या स्क्रीनवर सगळंच साफ दिसतं आणि आज्जी अजून खुर्चीत बसलेली असते तोवरच परत काढता येतो.

लग्नातल्या ग्रुपचं एवढंच सांगते, दोन रांगा असतील तर एफ ५.६ किंवा ८ ला या. माझ्याच नात्यातल्या एका लग्नात भाड्याने बोलावलेल्या माणसाने सगळे ग्रुप एफ १.८ ला काढले, पुढे बसलेली पोरं साफ आणि मागे उभे असलेले सगळे काका-मामा धुरकट. त्यातले दोघं आता नाहीत.

ॲपबद्दल बोलायलाच पाहिजे. हल्ली धूसर फोटो साफ करून देणारी ॲप आहेत, एका मिनिटात चकचकीत चेहरा येतो आणि लोक खूश होतात. पण जे फोटोत नोंदलंच नाही ते ॲप आणणार कुठून, ते इतर हजारो चेहरे बघून शिकलेलं असतं आणि त्यावरून अंदाजाने डोळे, दात, सुरकुत्या भरतं. एकदा एक मुलगा वडिलांचा असा साफ केलेला फोटो घेऊन आला, मी फ्रेम केला, आणि त्याची आई दुकानात येऊन म्हणाली, हे यांचे डोळे नाहीत. तिला बरोबर कळलं. थोडासा मऊ फोटो जरा कडक करणं वेगळं, ते मीही करते. पण चेहराच नवीन बनवून हार घालणं मला पटत नाही, आणि मी ते काम घेत नाही.

आणि चांगला आलेला फोटो पाठवताना बिघडतो तो तर जिवाला लागतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून बऱ्याचदा लांब बाजूला १६०० च्या आसपास पिक्सेल उरतात, पुढे त्याचा स्क्रीनशॉट, मग तो परत फॉरवर्ड. अठरा इंचाच्या फ्रेमला एका इंचात ९० पण पिक्सेल पडत नाहीत, आम्हाला तिथे निदान २०० तरी लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. खाली पेपरक्लिपचं नाहीतर अधिकचं चिन्ह असतं, त्यात डॉक्युमेंट, बास.

त्या हरिपूरच्या बाई आठ दिवसांनी परत आल्या, बरोबर त्यांची स्वतःची आई, ८० च्या पुढच्या, चालताना धरावं लागतं. आईला वाटत होतं फोटो म्हणजे आपली तयारी चाललीय, ती नाही म्हणत होती, मग मी म्हटलं नातीच्या लग्नात पाहुण्यांना दाखवायला पाहिजे की, तेव्हा बसली. दुकानाच्या दारातच खुर्ची ठेवली, १/२५०, एफ ४, आयएसओ ८००. पदर होता तसाच डोक्यावर. बारा-पंधरा काढले, त्यातले चार उत्तम निघाले. बाईंनी स्क्रीनवर डोळा मोठा करायला लावला, अजून मोठा, तेव्हा बुबुळात माझ्या दुकानाच्या दाराची चौकट दिसायला लागली आणि रस्त्यावरून जाणारी एक रिक्षा. त्या बराच वेळ बघत बसल्या.

तर साहेब माझी विनंती दोन गोष्टींची आहे. तुम्ही जाहिरातीचे दर आणि नंबर छापता त्या चौकटीत दोन ओळी वाढवा, की फोटो डॉक्युमेंट म्हणून मूळचा पाठवा, स्क्रीनशॉट किंवा फॉरवर्ड केलेला पाठवू नका, आणि पाठवण्याआधी डोळे मोठे करून बघा. आणि दुसरी, दिवाळीच्या आधी एकदा, पुण्या-मुंबईची पोरं घरी यायच्या आत, फोटो कसा काढायचा यावर चार कॉलम जागा द्या. मजकूर मी लिहून देईन, बरोबर चूक आणि चांगला असे फोटो पण देईन, माझ्याच घरच्यांचे, मानधन नको. फक्त ते फोटो छापताना पोस्टाच्या तिकिटाएवढे करू नका, डोळे दिसतील एवढे ठेवा.

आपली नम्र,
एक वाचक आणि फोटोग्राफर, सांगली